नूरचाचांचा कान

“थर्ड गिअरचं बेअरिंग गेलंय,” नूरचाचा गाडीखालून म्हणाले, आणि मला तिथल्या तिथे कळलं की चाचा थाप मारताहेत.

कारण त्यांनी ते फारच लवकर सांगितलं होतं. चाचांची रीत अशी नव्हती. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून चारही चाकं मोकळी करायची, इंजिन चालू ठेवायचं, एकेक गिअर टाकायला लावायचा आणि स्वतः खाली झोपून दोन फुटी स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचं. त्याची लाकडी मूठ कानात. मग डोळे मिटायचे. आधी गिअरबॉक्स, मग पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस, मग मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर, शेवटी मागच्या ॲक्सलचं हौसिंग. पंधरा मिनिटं तरी माणूस खालून हलायचा नाही. आमच्या कराडचे वैद्यसुद्धा नाडीला एवढा वेळ देत नाहीत. आणि त्या दिवशी चाचा मिनिटभरात बाहेर आले होते.

अबू तुर्की, म्हणजे आमचा कफील, ज्याच्या नावावर आमचे व्हिसे होते तो मालक, कमरेवर हात ठेवून समोर उभा होता. त्याने विचारलं, “नक्की?” चाचांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, हात पुसले आणि हसून म्हणाले, “ज़ेन, ज़ेन.” म्हणजे छान, छान.

“यल्ला, खोला,” अबू तुर्की म्हणाला.

कादिरने आणि आणखी दोघांनी अर्धा दिवस घालवून गिअरबॉक्स उतरवला. मी स्टोअरमधून नवीन बेअरिंग काढून ठेवलं होतं. जुनं बेअरिंग बाहेर आलं ते नव्या नवरीसारखं चकाकत होतं. मग कादिरने मागे जाऊन प्रॉपेलर नुसता हाताने हलवला. मागच्या हौसिंगमधलं दातेरी पिनियन खडखडलं. वर्कशॉपमधल्या कुणालाही कळेल असा तो आवाज होता, फक्त चाचांना कळला नव्हता.

त्या दुपारी सैन्याच्या कंत्राटदाराचा माणूस गाडी न्यायला आला आणि रिकाम्या हाताने परत गेला. अबू तुर्की असा संतापला की त्याच्या डोक्यावरचा रुमाल खांद्यावर आला. “अन्ता मुख माफी!” तो ओरडला. तुला डोकंच नाही. आणि मग, “अतरश? अन्ता अतरश?” अतरश म्हणजे बहिरा.

चाचा मान डोलावत होते. चेहऱ्यावर तेच हसू. बोलणं संपल्यासारखं वाटलं तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, “इन्शाल्ला.”

सगळे खो खो हसले. मीही हसलो. मला सगळं माहीत असूनही हसलो, याची लाज मला आजतागायत वाटते.

कारण मला माहीत होतं. चाचा, कादिर आणि मी रियाधच्या अल सुलै भागात, वर्कशॉपच्या मागच्या बराकीत एका खोलीत राहायचो. मराठी बोलणारे आम्ही तिघेच. कादिर श्रीवर्धनचा, पंचविशीतला, हाताला चलाख. मी कराडचा, आयटीआय झालेला, स्टोअरकीपर. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, वय एक्कावन्न, आधी चिपळूणच्या एसटी डेपोत आणि मग चौदा वर्षं इथे. अबू तुर्कीकडे चाळीस जुन्या फोर-व्हील गाड्या होत्या. ऑगस्टात इराक कुवेतमध्ये घुसला आणि त्या भंगारालाही सोन्याचे दिवस आले. सैन्याचे कंत्राटदार, परदेशी वार्ताहर, जो येईल तो गाडी भाड्याने मागत होता. गाड्या वाळवंटात जायच्या आणि अर्धमेल्या होऊन परत यायच्या.

त्या का मरतात हे चाचा मला समजावून सांगायचे. “ह्या लोकांना फोर-व्हील म्हणजे ताकद वाटते. वाळूत टाकतात, आणि डांबरावर आलं तरी लिव्हर काढत नायत. पुढच्या चाकांचे हब उतरून हाताने मोकळे करायला हवेत, तर उतरतो कोण! कडक रस्त्यावर पुढचा आणि मागचा एकमेकाला ओढतात. मग मधला तुटतो. नेहमी मधलाच तुटतो रे, ज्ञानू.” हौसिंगचं तेल काढलं की ते आधी दोन बोटांत चोळून बघायचे. त्यात वाळू कचकचली की ज्याने गाडी नेली होती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांवर तर त्यांचा खास राग. “ऑटोमॅटिक म्हणजे घरजावई. रस्त्यावर ऐटीत चालतो, वाळूत नेला की गरम होऊन बसतो. गिअर माणसाच्या हातात पायजे.” अबू तुर्कीने नवी गाडी घ्यायची तर आधी चाचांना विचारायचा. चाचांनी कान लावल्याशिवाय त्याने एकही जुनी गाडी विकत घेतली नव्हती. वर्कशॉपची अब्रू चाचांच्या उजव्या कानात होती, असं म्हटलं तरी चालेल.

त्या थापेच्या काही दिवस आधीची गोष्ट, युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. रात्री इशाच्या नमाजानंतर चाचा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. विषारी वायूच्या भीतीने अबू तुर्कीने स्वतःच्या घरच्यांसाठी तोंडावर लावायचे मास्क आणले होते आणि आम्हाला ओला टॉवेल वापरायला सांगितलं होतं. आम्ही टॉवेल शोधत होतो. आभाळात दोन क्षेपणास्त्रं एकमेकांना भिडली आणि त्यातला एक धगधगता तुकडा भिंतीपलीकडच्या टायरच्या गोदामावर पडला. आमच्या खोलीच्या काचा गेल्या. चाचा अंगणात बसलेले सापडले, दोन्ही कानांतून रक्ताचे बारीक ओघळ, हातात ओला बनियन. त्यांना दुसरं काहीही लागलं नव्हतं.

रक्त दुसऱ्या दिवशी थांबलं. ऐकू येणं परत आलं नाही. कानात एक शिट्टी मात्र रात्रंदिवस वाजत राहिली. ती शिट्टी ओलांडायची म्हणून चाचा मोठमोठ्याने बोलू लागले. मी म्हटलं, म्हणजे खडूने लिहिलं, डॉक्टरकडे जाऊ. आमच्याकडे एक लोखंडी ट्रंक होती, तिच्या झाकणावर मी लिहायचो आणि ते वाचायचे. चौथीपर्यंतची मराठी शाळा त्यांच्या कामी आली.

“नको,” चाचा म्हणाले. “डॉक्टर कफीलला सांगेल. बहिऱ्याचा इकामा कोण ठेवतो? राहायचा परवाना काढून घेऊन मला हाकलून देतील.”

मी लिहिलं, “नाहीतरी तुम्हाला घरी जायचंच आहे ना?”

“जायचा हाय. पण हाकलून दिलेला म्हणून नाय जायचा, ज्ञानू. बोलावलेला म्हणून जायचा.”

ते घरून बोलावण्याची वाट बघत होते. डिसेंबरातच, युद्ध होणार अशी हवा उठली तेव्हा, त्यांनी घरी कॅसेट पाठवून विचारलं होतं, मी येऊ का? त्यांच्या घरी पत्रांचा रिवाज नव्हता. हफीजाचाचींना लिहिता येत नव्हतं, आणि नवऱ्याला सांगायचं ते दुसऱ्याकडून लिहून घेणं त्यांना पटत नव्हतं. म्हणून दोघं कॅसेटवर बोलायची. चाचांच्या उशाशी अशा तीसेक कॅसेट होत्या. रोज झोपताना एक लावायचे. आता त्या नुसत्या रचून ठेवलेल्या होत्या.

थाप पकडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अबू तुर्कीने गाड्या ऐकायचं काम कादिरला दिलं आणि चाचांना नट धुवायला बसवलं. चौदा वर्षांचा उस्ताद रॉकेलच्या ट्रेमध्ये नट धूत होता. कादिर चांगला पोरगा, त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं, पण त्याला मान वर करून चाचांकडे बघवत नसे.

तीन दिवसांनी घाईत इंजिन बंद न करताच एका गाडीखाली प्रॉपेलर बसवायला कादिरला आणखी दोन हात हवे होते. चाचा सरपटत खाली गेले. दोन्ही हातांनी प्रॉपेलर पेलायचा होता, म्हणून स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यांनी दातांत धरली. कसंतरी वळताना टोक ट्रान्सफर केसला टेकलं.

चाचा थांबले. हातातला प्रॉपेलर तसाच धरून ठेवला. कादिर ओरडतोय, “चाचा, वर करा, वर!” आणि चाचा डोळे मिटून पडलेले. मला वाटलं माणूस गेला. मी खाली वाकलो तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं.

“आतली चेन ढिली हाय,” मूठ दातांतून काढून चाचा बोलले. “ढिली होऊन डब्ब्याला घासतंय. बघ खोलून.”

खोललं. चेन ढिली होती आणि डब्याच्या आतल्या बाजूला तिचा घासलेला पट्टा होता.

त्या दिवसापासून चाचा दातांनी ऐकू लागले. कानाच्या वाटेने जे येत नव्हतं ते लाकडी मुठीतून दातांत आणि दातांतून डोक्यात जात होतं. माझ्या बोलण्याचा त्यांना पत्ता नव्हता, पण पिनियनचा एक दात मोडलेला असला तर कितवा ते सांगतील अशी अवस्था. सगळे म्हणायचे, चाचा गाडी खाऊन बघतो. अबू तुर्कीला रीत कशी का असेना, गाड्या बिनचूक निघाल्याशी मतलब. त्याने चाचांच्या पाठीवर थाप मारली आणि नटांचा ट्रे दुसऱ्याकडे गेला. कान गेल्याबद्दल त्याने पुन्हा एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर औषधपाणी करावं लागलं असतं.

फेब्रुवारीत बराकीत रडारड सुरू झाली. दोनतीन जण कामावरच जाईनात. तेव्हा अबू तुर्कीने सगळ्यांना अंगणात गोळा केलं. ज्याला जायचं त्याने बुधवारपर्यंत ज्ञानेशकडे नाव लिहावं. गुरुवारी जेद्दाला बस. पासपोर्ट मिळेल, पण त्यावर कायमचं जाण्याचा शिक्का असेल. अबू तुर्कीच्या नावावर त्याने पुन्हा या देशात पाऊल ठेवायचं नाही. आणि जो आता राहील त्याने पुढे दोन वर्षं जाण्याचं नाव काढायचं नाही. “खलास,” तो म्हणाला आणि गाडीत बसला.

मी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. माझ्या घरून तार आली होती. ताबडतोब निघून ये, सगळे वाट बघताहेत. वडील आयुष्यात कधी एवढं बोलले नव्हते.

चाचांनी नाव लिहिलं नाही. “घरची टेप येवदे,” म्हणाले.

ती शुक्रवारी आली. जेद्दाहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने आणून दिली, मांजरपाटाच्या कापडात चारी बाजूंनी शिवलेली. जुम्म्याच्या नमाजाहून येऊन चाचांनी टाके दातांनी उसवले. मग रेडिओ-टेपचा टू-इन-वन माझ्यापुढे ठेवला, दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

“तू आयक. आणि मला लिहून सांग. शब्द न शब्द.”

मी बटण दाबलं. आधी समुद्राकडचा वारा, मग कोंबडा, मग बांगड्या, मग हफीजाचाचींचा आवाज. चाचींना मी कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता, रोज रात्री ऐकलेला.

“अस्सलाम आलेकुम. मी हफीजा बोलतंय. आमी समदे बरे हाव. तुमची टेप मिळाली. तुमी विचारलाव, येव का म्हणून. आता कसा सांगू. नौशाद आलाय कुवेतसून, अंगावरच्या कपड्यांनी. तो, त्याची बायको, चार पोरां, समदी आपल्याच घरात हायत. माझा भाव हाय तो, त्याला कुठे घालवू? गावात असे अकरा जण आलेत. मशिदीच्या कट्ट्यावर बसून असतात, कुणाला काम नाय. अफशाँचा निकाह ईद झाली की शव्वालात धरलाय. तिच्या सासऱ्यांनी विचारलान, बाप तिकडेच हाय ना? मी बोललंय, हाय. तुमी आत्ता येव नका. लोक बोलतात रियाध लांब हाय, तिकडे काय पडत नाय. तुमी जपून ऱ्हावा. माझा जीव काय बोलतो, ता मी टेपमध्ये बोलत नाय.”

मग बराच वेळ नुसताच वारा. मग अफशाँ, “अब्बा, मी बरी हाय,” एवढंच. मग टेप संपली.

चाचा पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पिनियनकडे बघावं तसे. मी खडू उचलला. मी काही मोठा धर्मात्मा नव्हतो, पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ‘येव नका’ ही अक्षरं माझ्या हातून उमटेनात. माझ्याजवळ दुसरी दोन वाक्यं तयार होती, खिशातल्या तारेतली. मी तीच लिहिली.

“ताबडतोब निघून या. सगळे वाट बघताहेत.”

चाचांनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाले, “एवढी लांब टेप, आणि बोलली एवढाच?”

“रडत होत्या,” मी लिहिलं.

तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं. उठले, माझ्या वहीत सतराव्या नंबरवर माझ्याकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी गादीची खोळ धुऊन टाकली. पानांचा डबा कादिरला दिला. “गिअर हातात ठेव,” त्याला बजावलं. स्क्रूड्रायव्हर मात्र स्वतःच्या पेटीत टाकला. मला बरं वाटत होतं. घरी एकदा पोचले की चाची काय दारातून परत पाठवणार आहेत, असा माझा हिशेब. पोरवयातल्या हिशेबांना काय लागतं!

शनिवारी संध्याकाळी मी आंघोळ करून येत होतो. बराकीच्या ओळीत माणसं आपापल्या दारात उभी होती. मल्याळी, पठाण, सगळे. आणि आमच्या खोलीतून हफीजाचाचींचा आवाज येत होता. एवढा मोठा की पत्रे थरथरत होते.

“तुमी आत्ता येव नका,” चाची अख्ख्या बराकीला सांगत होत्या.

मी धावलो. दारात कादिर उभा होता, भिंतीकडे तोंड करून. आत चाचा जमिनीवर बसले होते. टू-इन-वनचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला, स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या जाळीवर टेकवलेलं, आणि मूठ दातांत. डोळे मिटलेले.

गाडीच्या पोटातलं ज्या मुठीतून ऐकू येतं तिच्यातून बायकोचा आवाजही ऐकू येईल, एवढं साधं माझ्या डोक्यात कसं आलं नाही? संशय म्हणून त्यांनी टेप लावली नव्हती. मी लिहिलं होतं ना, रडत होत्या म्हणून. त्यांना ते रडणं ऐकायचं होतं.

कादिरने हळूच दार ओढून घेतलं. इतरांना कोकणी कळत नव्हती हे त्यातल्या त्यात बरं. पण बाई ‘ये’ म्हणते आहे की ‘नको’, हे कळायला भाषा लागत नाही. माणसं खाली बघत आपापल्या खोल्यांत गेली.

टेप संपली. चाचांनी मूठ तोंडातून काढली, लुंगीला पुसली.

“आमचा कोंबडा पण आयकू आला,” ते म्हणाले. मग, “अफशाँचा आवाज बदललाय. मोठी झाली.”

मी त्यांच्यासमोर बसलो. खडू हातात घेतला.

“खोटा बोललास, ज्ञानू.”

मी होकाराची मान हलवली.

“ती तार तुझ्या घरची, तूच दाखवलीस ना मला. माझ्या घराला लावलीस. दुसऱ्या गाडीचा पार्ट हाय तो, बसत नाय.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सुटलो असतो. “स्टोअरकीपर ना तू? नंबर बघून द्यायचा माल.”

मी ट्रंकेवर लिहिलं, “तरीही चला. घर तुमचं आहे.”

त्यांनी ते वाचलं आणि तळहाताने पुसून टाकलं.

“हफीजा बरोबर बोलते. दोन मरद कट्ट्यावर बसले तर पोरीचा निकाह कोण करेल? तिला किती जड गेला असेल बोलायला. सात दिवस पाठ केला असेल.” मग ते भिंतीकडे वळले. “पण एकदा बोलायला पायजे होता. या, म्हणून. मी गेलोच नसतो रे. मी थांबलोच असतो. नुसता बोलायला पायजे होता.”

ते त्यांनी एवढ्या मोठ्याने म्हटलं की बाहेर कादिरने ऐकलं. चाचांना वाटत होतं की ते पुटपुटताहेत.

“माझा नाव काढ,” शेवटी म्हणाले. मी वही उघडली आणि सतरा नंबरवर रेघ मारली.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी उलट टेप भरली. मी दुसऱ्या दिवशी निघणार होतो, तर माझ्याच हाती द्यायची होती. मी बटण दाबलं आणि बोटाने खूण केली. चाचा नीट बसले, टोपी सारखी केली, आणि खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडून बोलू लागले.

“हफीजा! तुझी टेप मिळाली! तू बरोबर बोलतंस! मी येत नाय! माझी तबेत एकदम बरी हाय!”

तेवढ्यात भोंगा वाजला. बाहेर धावपळ झाली, पत्र्यांवर पावलं वाजली. चाचांना काय कळणार! ते माझ्याकडे बघून बोलतच राहिले. मी टेप थांबवायला हात पुढे केला, तर कादिरने माझं मनगट धरलं. मान हलवून नको म्हणाला. तोंडावर ओला टॉवेल धरून आम्ही दोघे तिथेच बसलो.

“इकडे काय नाय! सगळा शांत हाय! काम भरपूर हाय! अफशाँला बोल, अब्बा तिकडेच हाय! आणि नौशादला सांग, लाजू नको, पोटभर जेव! घर त्याचाच हाय!”

मग त्यांना पुढचं सुचेना. मला म्हणाले, “बंद कर.” बाहेर भोंगा अजून चालूच होता.

गुरुवारी बस सुटली तेव्हा चाचा एका गाडीखाली होते. फक्त पाय दिसत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मी खिडकीतून हात केला, तो त्या पायांना.

मार्चमध्ये, युद्ध संपल्यावर, मी चाचांच्या गावी गेलो. टेप पोस्टाने पाठवता आली असती, पण माझं मन होईना. खाडीकाठी चिऱ्याचं घर, अंगणात सुकत घातलेली मासळी. ओट्याच्या अगदी कडेला एक दाढी वाढलेला माणूस बसला होता. मला बघून तो उठून उभाच राहिला. तो नौशाद. स्वतःच्या बहिणीच्या घरी तो पाव्हण्यापेक्षा परका होऊन राहत होता. अफशाँने चहा आणला. हफीजाचाची उंबऱ्याच्या आत बसल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. त्या बारीक होत्या, आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा खूपच बारीक.

“कसे हायत?” त्यांनी विचारलं.

“एकदम बरे,” मी म्हटलं.

कोपऱ्यातल्या टेपवर त्यांनी कॅसेट लावली. चाचा घरभर गरजले. नौशादची दोन पोरं दचकून आईला बिलगली. चाचींनी पूर्ण ऐकलं, मध्ये एकदाही हलल्या नाहीत. नौशादचं नाव आलं तेव्हा ओट्यावरच्या माणसाने तोंड फिरवलं.

टेप थांबल्यावर चाचींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची बोटं पदराशी चाळा करत होती.

“एवढ्या जोरात का बोलतात? कधी असे बोलत नायत ते. माझ्यावर रागावलेत काय?”

मला ट्रंकेचं झाकण आठवलं, खडू आठवला. नंबर बघून द्यायचा माल.

“नाही चाची. मागे तो भोंगा ऐकू आला ना? वर्कशॉपचा भोंगा आहे. तो वाजायला लागला की सगळ्यांनाच असं बोलावं लागतं.”

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. चेहरा मोकळा झाला. या वेळी माझा पार्ट बरोबर बसला होता.

“मग भोंगा संपल्यावर बोलायचा होता,” त्या म्हणाल्या, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा किंचित हसल्या. “पोरांचे कान फुटतील.”

त्यांनी टेप मागे नेली, पुन्हा सुरू केली आणि हात पुढे करून आवाज कमी केला. मग आणखी थोडा कमी केला.